थोरलीचं कार्ड

"म्हणजे तुम्ही तिथे नव्हतातच, असं तुमचं म्हणणं?"

"म्हणणं कसलं? नव्हते."

"पण साखळी म्हणते तुम्ही होतात."

"साखळीला डोळे आहेत का, सर?"

टेबलापलीकडे चौकशीला बसलेल्या तिघांपैकी एकाला हसू आलं. अधीक्षकांनी त्याच्याकडे पाहिलं तसं त्याने ते खोकल्यात घातलं. थोरली मात्र गंमत करत नव्हती. सबंध नोकरीत या खोलीत ती अनेकदा आली होती, पण दर वेळी फाइल घेऊन, उभ्याने, सही घ्यायला. आज तिला खुर्ची दिली होती. या खोलीत नर्सला खुर्ची मिळाली की समजावं, काहीतरी वाईट शिजलंय.

थोरली म्हणजे शस्त्रक्रियेच्या वॉर्डातली मुख्य सिस्टर. तिच्या हाताखालची चष्मेवाली पोरगी नोकरीला लागली तेव्हा वॉर्डातल्या मावशींनी दोघींना थोरली आणि धाकटी करून टाकलं. एका घरात पडलेल्या जावाच जणू. थोरली ओरडायची, धाकटी तोंड फुगवायची, आणि दुपारी दोघी एकाच डब्यात हात घालायच्या. सुई कशी धरायची इथपासून मेलेल्या माणसाचे डोळे कसे मिटायचे इथपर्यंत सगळं धाकटीला थोरलीने शिकवलं होतं.

आणि साखळी म्हणजे रुग्णालयाची नवी नोंदपद्धत. खरं नाव ब्लॉकचेन. ते उद्घाटनाच्या फलकावर होतं. दुसऱ्या दिवसापासून सगळे साखळी म्हणू लागले. कंपनीच्या माणसाने भाषणात समजावून सांगितलं होतं : प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीत अडकवलेली, आणि तिची एकेक प्रत शहरातल्या सगळ्या मोठ्या रुग्णालयांच्या यंत्रांत. एका ठिकाणी कोणी अक्षर जरी बदललं तरी बाकीची यंत्रं बोंब मारणार. रुग्णाची माहिती कोणी चोरणार नाही, कोणी फिरवणार नाही, आणि रुग्णाला ती स्वतःच्या फोनवर उघडून वाचता येणार.

वाईट काय होतं त्यात? काहीच नाही. पूर्वी एखाद्या बड्या डॉक्टरची चूक झाली की केसपेपरचं नेमकं तेच पान गायब व्हायचं, हे थोरलीने स्वतः पाहिलेलं. त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांत तीही होती, आणि तिने मनापासून वाजवल्या होत्या.

भानगड पुढे होती. साखळीला माणूस ओळखू यायला त्याचं कार्ड खाचेत घालायला लागायचं आणि वर अंगठा द्यायला लागायचा. मग पडद्यावर एक चक्र फिरत बसायचं. चहा करून, पिऊन, कप विसळून यावं तरी फिरतच. वॉर्ड गच्च भरलेला, नर्सा दोन, आणि यंत्र एक. प्रत्येक गोळीमागे कार्ड काढा, कार्ड घाला, अंगठा द्या, असं केलं असतं तर सकाळच्या गोळ्या संध्याकाळी पोचल्या असत्या. थोरलीने तक्रार केली. अधीक्षक म्हणाले, "अहो, एकीच्या कार्डावर चालू ठेवा दिवसभर. काम अडायला नको." तोंडी म्हणाले. असल्या गोष्टी हे लोक कधी लिहून देत नाहीत.

तेव्हापासून सकाळी थोरलीचं कार्ड खाचेत जायचं ते तिची पाळी संपेपर्यंत तिथेच. नोंदी धाकटी करायची, शिकाऊ डॉक्टर करायचे, एकदा तर मावशीने केली. सगळ्यांवर नाव थोरलीचं. शेजारच्या वॉर्डात तिथल्या सिस्टरचं. साऱ्या रुग्णालयात हेच. सगळ्यांना माहीत.

त्या दिवशी दुपारी शेजारणीचा फोन आला : नवरा न्हाणीघरात पडला. थोरली हातातलं टाकून निघाली. निघताना यंत्रापाशी थबकली. कार्डाला हातही लावला. तेवढ्यात आतून धाकटी ओरडली, "ताई, कार्ड राहू द्या हं! दुपारची औषधं सगळी बाकी आहेत. चक्र फिरत बसलं तर मेलेच मी."

थोरलीने हात काढून घेतला. वॉर्ड अडू नये म्हणून. एवढाच काय तो तिचा गुन्हा.

ती नवऱ्याला उठवून पलंगावर घालत होती त्या सुमाराला वॉर्डात सायकलवाले काका गेले. सायकल दुरुस्तीचं दुकान होतं त्यांचं. पोटाचं ऑपरेशन होऊन बरे झालेले, उद्या घरी जायचे. धाकटीला इंजेक्शनची पूड पाण्यात कालवायची होती. पाण्याची काचेची नळी आणि पोटॅशियमची नळी दिसायला सारख्याच. पाण्याने काही होत नाही. पोटॅशियम थेट शिरेत गेलं की काळीज थांबतं. नळ्या शेजारीशेजारी ठेवायच्या नाहीत, हे कुठल्याही नर्सला ठाऊक असतं. त्या आठवड्यात कपाट एकच होतं, कारण दुसरं रंगवायला नेलं होतं.

इंजेक्शन दिल्यावर धाकटीने रिकामी नळी नेहमीसारखी यंत्रासमोर धरली. यंत्राने तिच्यावरच्या रेघा वाचल्या आणि नोंद केली : पोटॅशियम, थेट शिरेतून. देणारी व्यक्ती : थोरली.

काय दिलं ते साखळीने खरं सांगितलं. कोणी दिलं ते खोटं. शपथ दोन्हीला एकच.

"गेटवरच्या वॉचमनमामांना विचारा," थोरली म्हणाली. "त्यांनीच रिक्षा थांबवून दिली मला."

"त्यांना दिवस नक्की आठवत नाही."

"काल आठवत होता की! काल मला म्हणाले, सिस्टर, मी सांगतो."

"आज आठवत नाही."

"मग गेटवरचा कॅमेरा?"

कॅमेरा कधीचा बंद होता. उद्घाटनाला पाहुणे येणार म्हणून तेवढा पुसून घेतला होता.

"नवरा आहे. शेजारीण आहे."

"घरची माणसं," ज्याला मघाशी हसू आलं होतं तो म्हणाला. "ती तुमच्याच बाजूने बोलणार ना."

"धाकटीला बोलवा मग. माझ्यासमोर विचारा."

थोरलीने नाव घेतलं. कोणाला पाठीशी घालायला ती देवी नव्हती, आणि कोणी तशी अपेक्षा ठेवूही नये. तीस वर्षं दुसऱ्यांचं गू-मूत काढणाऱ्या बाईने शेवटी दुसऱ्याचं पापही पोटात घ्यावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी स्वतः एक दिवस बेडपॅन उचलून बघावं.

पण धाकटीचा जबाब आधीच झाला होता. कंपनीच्या माणसाने पडद्यावर दाखवलं : त्या दिवशी धाकटीच्या कार्डावर एकही नोंद नाही. ना गोळी, ना सलाईन, ना ताप मोजलेला. साखळीच्या हिशेबाने धाकटी त्या दिवशी कामावर काही करतच नव्हती.

"ताई," धाकटीने तिला कपड्यांच्या खोलीत गाठलं. धुतलेल्या चादरींच्या चळतींमध्ये दोघी उभ्या. धाकटीचे ओठ सुकलेले.

"ताई नको म्हणूस मला."

"मी घरी जाऊन फोनवर त्या दिवसाच्या नोंदी बघितल्या. मी कुठंच नाहीये. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुठंच नाही." ती चष्मा काढून पुसायला लागली. "काल रात्रीपासून मला वाटायला लागलंय की खरंच नव्हते मी. आजारी होते का हो मी त्या दिवशी?"

थोरलीचा हात उठला. तिने तो कपाटाच्या दारावर आपटला. दार डुगडुगत राहिलं.

"होतीस तू. मला ओरडून सांगितलंस कार्ड राहू दे म्हणून. आठवतंय?"

"मी सांगितलं तर मला जेलमध्ये घालतील."

"आणि मला काय, बागेत नेणारेत?"

"तुमचं वय झालंय. तुमची नोकरी संपतच आलीय." हे बोलून धाकटीने स्वतःच तोंडावर हात ठेवला.

चळतीतली वरची चादर उचलून थोरलीने नीट घडी घातली, कारण ती वाकडी होती, आणि बाहेर पडली.

अधीक्षकांनी तिला एकटीला बोलावलं ते त्यानंतर. दार लावून घेतलं. चहा मागवला. बशीत बिस्किटं.

"मला माहीत आहे तुम्ही नव्हतात," ते म्हणाले.

थोरलीला क्षणभर कळेना की तिने बरोबर ऐकलं का.

"मग लिहा की तसं."

"सिस्टर, तुम्ही समजूतदार आहात. मी लिहिलं की ही नोंद तुमच्या नावावर आहे पण तुमची नाही, तर पुढचा प्रश्न काय येईल? मग अजून किती नोंदी अशा आहेत? सगळ्याच अशा आहेत. आता छोटे दवाखानेही आपलं बघून साखळी घेतायत. एक कडी खोटी म्हटली की सगळी साखळी कचऱ्यात. कोर्टात कुठल्याही पेशंटने उठून म्हणावं, तुमची नोंद खोटी. चालेल?"

"खोटी आहे तर चालायलाच पाहिजे."

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

"एकीच्या कार्डावर चालू ठेवा, असं कोण म्हणालं होतं, सर?"

अधीक्षकांनी बिस्किटांची बशी तिच्यापुढे सरकवली. "मी असं म्हणालो याची कुठे नोंद आहे?"

तिने बिस्किट घेतलं नाही. चहा मात्र प्यायली. गरम होता, आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं.

चारएक दिवसांनी दारावर थाप पडली. थोरली नवऱ्याचा पाय उशीवर ठेवून शेक देत होती. दारात एक पस्तिशीची बाई, हातात फोन, नाकपुड्या थरथरताहेत.

"सिस्टर तुम्हीच का?"

"हो. कोण आपण?"

"सायकलवाल्यांची मुलगी. माझ्या बाबांना मारलंत तुम्ही. एकदा तोंड बघावं म्हटलं मारणारीचं."

आतून नवरा ओरडला, "कोण आहे गं?"

"कोणी नाही. पाय हलवू नका." थोरली दारातून बाजूला झाली नाही, आणि तिने दारही लावलं नाही. "बघा," ती म्हणाली.

मुलीने बघितलं. फोनवरच्या नावाकडे बघितलं, परत थोरलीकडे बघितलं. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. लढायला आलेल्या माणसाच्या हातून काठी निसटावी तसा.

"तुम्ही नव्हतात," ती म्हणाली. "मी बाबांच्या उशाशी बसले होते. मी मोसंबी सोलत होते. इंजेक्शन दिलं ती बारीक होती. चष्मेवाली. ती म्हणाली, काका, जरा चुरचुरेल हं. मग बाबा..." ती थांबली. "तुम्हाला तर मी सकाळी पाहिलं होतं. तुम्ही बाबांना ओरडला होतात, दाढी करा म्हणून."

"उद्या घरी जायचं तर दाढी नको करायला?"

मुलगी दाराच्या चौकटीला टेकून खालीच बसली आणि रडायला लागली. थोरलीने पाणी आणलं. तिला रडूबिडू आलं नाही. तिला एवढंच वाटलं की इतक्या दिवसांत हे एक माणूस असं भेटलं, ज्याने तिला आधी पाहिलं आणि मग ठरवलं.

"मी येते तुमच्याबरोबर," नाक पुसत मुलगी म्हणाली. "मी सांगते त्यांना. मी स्वतः पाहिलंय. मला कसं नाही म्हणतील?"

नाही म्हटलंच नाही त्यांनी. तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, दुःख व्यक्त केलं. तिचं सगळं ऐकून घेतलं. मग ज्याला हसू येत असे तो म्हणाला, "अशा वेळी माणूस धक्क्यात असतो, ताई. चेहरे एकमेकांत मिसळतात. त्यात तुमचा दोष नाही."

"मी चेहरा ओळखते. ती मागे उभी आहे तीच. तेव्हा तिच्या चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली होती."

थोरलीने मान वळवली. धाकटी भिंतीशी उभी होती. चष्मा नवा होता.

"हे बघा," कंपनीचा माणूस म्हणाला. तो तरुण होता, नम्र होता, आणि त्याला सगळ्यांना मदत करायची होती. "साखळीत अशी सोय आहे. तुमचं म्हणणं आपण जोडू. नातेवाइकाचं निवेदन म्हणून. तेही कायम राहील. तेही कोणी पुसू शकणार नाही."

"मग वरचं, यांचं नाव?"

"ते काढता येत नाही. तीच तर सुरक्षितता आहे."

"म्हणजे खोटं वर आणि खरं खाली?"

"दोन्ही राहील, मॅडम."

"वाचणारा खालपर्यंत येतो का?"

"ते," कंपनीचा माणूस प्रामाणिकपणे म्हणाला, "वाचणाऱ्यावर आहे."

मुलीने निवेदन दिलं. ते जोडलं गेलं. शहरातल्या सगळ्या यंत्रांत त्याची प्रत गेली. आणि थोरलीला नोकरीवरून काढलं. नर्स म्हणून काम करण्याचा तिचा परवाना पुढील आदेशापर्यंत थांबवला. पुढील आदेश कोणाचा, तो कधी येणार, हे विचारायला ती दोनदा गेली. दुसऱ्या वेळी वॉचमनमामांनी तिला गेटवरच अडवलं, आणि अडवताना ते तिच्या चपलांकडे बघत होते.

"सिस्टर, माझंही पोट आहे."

"मी काही म्हटलं का, मामा?"

"नाही म्हटलं, म्हणूनच तर..." त्यांनी गेट लावून घेतलं.

धाकटीला वॉर्डाची मुख्य केलं. यंत्राच्या खाचेत आता तिचं कार्ड सकाळी जातं ते पाळी संपेपर्यंत. पद्धत बदललेली नाही. का बदलेल? काम अडत नाही.

थोरलीने छोट्या खाजगी दवाखान्यांत विचारून पाहिलं. रुग्णांजवळ नुसतं बसायचं काम, अंग पुसायचं, कूस बदलायची, त्याला परवाना लागत नाही. एका ठिकाणी डॉक्टरीणबाई चांगली होती, हसून बोलली, उद्यापासून या म्हणाली. मग बोलता बोलता तिने समोरच्या यंत्रात थोरलीचं नाव घातलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, नुसतं थिजलं.

"मी कळवते तुम्हाला."

"खाली वाचा, बाई. खाली अजून आहे."

"हो हो. वाचते ना." पण तिने पडदा बंद केला होता.

घरी नवरा भिंतीला धरून चालायला शिकत होता. "अगं, सोड ना आता," तो म्हणायचा. "देवाला माहीत आहे."

"देवाच्या कार्डावर तरी कोण नोंदी करतंय, बघून या एकदा." ती चिडून म्हणायची, आणि मग त्याच्या काखेत हात घालून त्याला वळवायची. तो हसायचा. ती नाही.

हळूहळू तिने बोलणं कमी केलं. ती घरातच भांडी घासायची, मग घासलेली परत घासायची. एकदा नवऱ्याने पाहिलं, ती स्वतःचाच उजवा हात उलटासुलटा करून बघत होती. बाजारात घ्यायच्या वस्तूसारखा.

"काय झालं?"

"काही नाही. मी खरंच घरी आले होते ना हो त्या दिवशी?"

नवरा काठी टाकून तिच्याकडे आला. काठीशिवाय चाललेली ती त्याची पहिली पावलं. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

सायकलवाल्यांची मुलगी परत आली ती थंडीच्या सुरुवातीला. या वेळी दारातच चप्पल काढली.

"आईला साखर निघालीय. रोज सुई सांगितलीय, पोटावर नाहीतर दंडावर. घरीच द्यायची. मला दाखवलं त्यांनी, पण माझ्याने होत नाही. सुई बघितली की मला बाबांचा हात दिसतो." ती एका दमात बोलली. "तुम्ही याल?"

"माझं नाव कुठं कुठं आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मला नर्स म्हणून बोलावू नकोस. ती मी नाही आता."

"ही सुई घरचं कोणीही देतं, डॉक्टरच म्हणाले."

"आणि तुझ्या आईला चालेल?"

मुलगी म्हणाली, "विचारलं नाही. तुम्हीच या आणि विचारा."

सायकलवाल्यांचं घर दुकानाच्या मागेच होतं. दुकान बंद. आत एकच खोली, खिडकीपाशी खुर्ची, आणि खुर्चीत काकांची बायको. ऑपरेशनच्या वेळी तिचे गुडघे धरले होते म्हणून ती रुग्णालयात आलीच नव्हती. गेलेला नवराच तिने पाहिला.

तिने थोरलीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. बस म्हणाली नाही.

"तुमचं नाव वाचलंय मी," ती म्हणाली. "पोरीच्या फोनवर. रोज वाचायचे मध्ये."

"हो, काकू."

"पोरगी म्हणते तुम्ही नव्हतात. फोन म्हणतो तुम्हीच होतात. मला काय कळणार? मी इथं बसले होते, ह्याच खुर्चीत."

थोरलीला पुष्कळ सांगता आलं असतं. शेजारीण, रिक्षा, न्हाणीघर. सांगून सांगून ते सगळं इतकं गुळगुळीत झालं होतं की तिलाच ते पाठ केल्यासारखं वाटायचं.

"मी नव्हते," ती म्हणाली. "पण तुमची इच्छा नसेल तर मी जाते. पोरीला शिकवून जाते, उशीवर टोचून. होईल तिला सवय."

बाहेर रस्त्यावर कोणीतरी दुकानाची फळी वाजवली, उघडं नाही असं पाहून निघून गेलं. म्हातारीने तो आवाज शेवटपर्यंत ऐकला. मग दंडावरची बाही वर सारायला लागली. बाही घट्ट होती, नीट सरकेना. मुलगी पुढे झाली, तर म्हातारीने तिचा हात बाजूला केला.

"तू नको. त्यांना करू दे."

थोरलीने हात धुतले, औषध सुईत भरलं. गुडघ्यांवर बसून बाही वर केली, दंडाची सैल कातडी चिमटीत धरली. मग ती थांबली. सुई दंडाजवळ अडून राहिली. पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशीही ती अशी थांबली नव्हती.

म्हातारीने ते पाहिलं. तिने तोंड खिडकीकडे वळवलं, आणि हात होता तिथेच, तसाच, पुढे धरून ठेवला.